घरचं माणूस दवाखान्यात असताना देवाचा धावा: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या भजनी मंडळातली मंडळी कुणाचं पेशंट अ‍ॅडमिट असलं की डबा घेऊन जातात आणि मग आयसीयूच्या बाहेर, त्या लोखंडी खुर्च्यांवर, डब्यापेक्षा जास्त वेळ बोलण्यातच जातो. तिथे लोक जे विचारतात ते साधारण तेच तेच असतं म्हणून एकदा सगळं लिहून काढलंय. वारकरी घरातली आहे, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिकडचीच येणार. आणि काही ठिकाणी मी माझं मत ठोकून दिलंय, ते पटलं तर घ्या.

प्र. एरवी मी देवळाची पायरी चढत नाही, आता गळ्याशी आलंय म्हणून हात जोडतोय. हा स्वार्थीपणा नाही का?

आहे की. मग काय झालं? गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यात पहिलाच नंबर आर्ताचा आहे, म्हणजे जो पोळलाय, अडकलाय आणि म्हणून हाक मारतोय तो. ज्ञानी भक्त सगळ्यात प्रिय असं पुढे म्हटलंय हे खरं, पण त्याच ठिकाणी हे चारही जण उदार आहेत, चांगले आहेत असंही म्हटलंय, आर्ताला बाहेर उभं केलेलं नाही. गजेंद्रमोक्षाची गोष्ट घ्या, भागवतात आठव्या स्कंधात आहे. तो हत्ती काय रोज पूजा करणारा नव्हता, आपल्या कळपाबरोबर मजेत पाण्यात डुंबत होता, नक्राने, म्हणजे मगरीने, पाय धरला, खूप झुंजला, ताकद संपली, बरोबरचे हत्तीही काही करू शकले नाहीत, तेव्हा त्याने सोंडेत कमळ घेऊन हाक मारली. तेव्हा लाज वगैरे नंतर. आधी हाक मारा.

प्र. मला स्तोत्रं पाठ नाहीत. नक्की म्हणायचं काय?

तुमच्या भाषेत, जसं सुचेल तसं. कोकणातला गुरव गाऱ्हाणं घालतो ते ऐकलंय का कधी? बा देवा महाराजा म्हणून सुरुवात, मग कोणाचं लेकरू, कुठून आलंय, काय अडचण आहे, काय हवंय, सगळं नाव-गावासकट सरळ सांगून टाकतो आणि मागचे लोक होय महाराजा म्हणतात. इतकं सोपं आहे. तसंच करा. आईचं नाव घ्या, बेड नंबर सांगितला तरी देव हसणार नाही.

पाठ काहीतरी हवंच असेल, कारण कधीकधी स्वतःचे शब्दच सुचत नाहीत आणि डोकं बधिर झालेलं असतं, तर रामरक्षा म्हणा, सावकाश म्हटली तरी दहा-बारा मिनिटांत होते. समर्थांचं भीमरूपी त्याहून छोटं आहे आणि बऱ्याच जणांना लहानपणी दिवेलागणीला म्हटलेलं असल्यामुळे अर्धं तरी आठवतंच. तेही नको असेल तर नुसतं नाम. रामकृष्णहरी म्हणायला काही लागत नाही, माळ नसली तर बोटाची पेरं आहेत. उच्चार चुकला तर पाप लागेल वगैरे मनात आणू नका, वैदिक मंत्रांना स्वरांचे नियम असतात ते वेगळं, नामाला आणि गाऱ्हाण्याला असं काही नाही.

प्र. मोबाईलवर लावून ठेवलं तर चालतं का?

चालतं. फक्त इअरफोन लावा हो. एकाच हॉलमध्ये एकाची हनुमान चालिसा, दुसऱ्याचा स्वामींचा तारक मंत्र आणि तिसऱ्याचं न्यूज चॅनल असं एकदम चालू असतं तेव्हा आत जागं असलेल्या पेशंटचं काय होत असेल.

प्र. "बरं कर" असं सरळ मागायचं की "तुझी इच्छा" म्हणून सोडून द्यायचं? सरळ मागितलं तर श्रद्धा कमी आहे असं होतं का?

हा प्रश्न सुशिक्षित लोकच जास्त विचारतात, काहीतरी वाचलेलं असतं. भागवतात कुंतीने कृष्णाकडे संकटंच मागितली, संकटात तुझं दर्शन होतं म्हणून, ते वाचायला फार मोठं वाटतं पण कुंती व्हायला निघायची ही वेळ नाही. सरळ मागा. तुझी इच्छा हे वाक्य आतून आलं तर चांगलंच, पण ओढूनताणून पहिल्याच दिवशी म्हटलं तर ते नुसतं बोलायचं म्हणून बोललेलं राहतं आणि पोटात भीती तशीच.

माझा एक अनुभव सांगते, पूर्ण बरं कर हे मागणं इतकं मोठं असतं की ते मागताना पण छाती दडपते. त्यापेक्षा आजच्यापुरतं मागावं. एका काकूंच्या यजमानांची किडनी बंद पडली होती, तर त्या रोज सकाळी फक्त एवढंच म्हणायच्या, पांडुरंगा आज त्यांना लघवी होऊ दे. मग अकरा वाजता भेटायला आत सोडलं की आधी बेडच्या खाली वाकून त्या पिशवीवरचे आकडे बघायच्या, कालच्यापेक्षा पन्नास एमएल वाढली तरी बाहेर येऊन आम्हाला सगळ्यांना सांगायच्या. हसण्यासारखं वाटेल. पण त्यामुळे त्यांना डॉक्टर काय बोलतात ते पण कळायला लागलं, क्रिएटिनिन म्हणजे काय, डायलिसिस कशासाठी, आणि रडत बसण्याऐवजी त्या नीट प्रश्न विचारायला लागल्या.

प्र. अंगारा, तीर्थ, प्रसाद आत पेशंटला देऊ शकतो का?

सिस्टरला विचारल्याशिवाय काहीही नाही. यात भावनेचा प्रश्न नाहीये, ऐका. पेशंटला तोंडाने काही द्यायचं नाही असं सांगितलेलं असेल तर चमचाभर तीर्थ पण नाही, गिळता येत नसेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि न्यूमोनिया होऊ शकतो. अंगारा कपाळाला लावायला बहुतेक ठिकाणी हो म्हणतात, पण तोंडात टाकायचा नाही, नळी किंवा सलाईन लावलेल्या जागेच्या जवळ न्यायचा नाही. फुलं, हार, तुळशीची माती लागलेली पानं आत नाहीच. आणि निरांजन-उदबत्ती तर डोक्यातून काढूनच टाका, जिथे ऑक्सिजन चालू असतो तिथे एक ठिणगी पुरते, हे घरी ऑक्सिजन लावलेल्या पेशंटलाही तितकंच लागू आहे, देवघर शेजारच्या खोलीत असलं तरी दिवा लांब ठेवा.

उशीखाली छोटा फोटो ठेवायला कुणी नाही म्हणत नाही सहसा. फोटो प्लास्टिकमध्ये घालून द्या म्हणजे पुसता येतो.

प्र. आमच्याकडे एक महाराज म्हणतायत की औषधं थांबवा, श्रद्धा असेल तर गुण येईल. काय करू?

तिथून उठा आणि घरी या. हे मी अगदी शांतपणे पण ठामपणे लिहितेय. ज्याची देवावर श्रद्धा आहे त्याला डॉक्टरची भीती वाटायचं कारणच नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी कितीतरी वर्षं घालवली आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबरात कायदा आला. त्यात साप, विंचू किंवा कुत्रं चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा स्पष्ट गुन्हा आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. आणि लोकांना वाटतं की हा कायदा देवाधर्माच्या विरुद्ध आहे, तर तसं नाही, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, कीर्तन, भजन, प्रवचन हे सगळं त्यातून बाहेर ठेवलंय. म्हणजे तुम्ही रामरक्षा म्हणा, कोणी अडवत नाही. अशा चावलेल्या पेशंटचं इंजेक्शन अडवलं तर मात्र गुन्हा.

साप चावला असेल तर १०८ ला फोन, पेशंटला चालवायचं नाही, आणि सापाच्या विषावरचं इंजेक्शन असलेला दवाखाना गाठायचा. नाम गाडीत बसून घ्या.

प्र. नवस बोलावा का?

इथे आमच्या घरातच दोन पार्ट्या आहेत. तुकोबांचं तर प्रसिद्धच आहे, नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता असं त्यांनी रोखठोक विचारलंय. आणि तरी आपल्याकडे नवस बोलल्याशिवाय माणसाला राहवत नाही, खंडोबा, तुळजापूरची भवानी, आंगणेवाडी, बांद्र्याच्या मोतमाऊलीला तर मेणाचे हात, पाय वाहतात लोक. ही सगळी माणसं अडाणी असतात असं मला वाटत नाही. हातात काहीच नसतं तेव्हा मी पण काहीतरी करीन, काहीतरी देईन, एवढं म्हणायची इच्छा होते, ती काही वाईट नाही.

बोललातच तर तीन गोष्टी बघा. एक, नवस स्वतःच्या जिवावर बोला, दुसऱ्याच्या नाही, माझा मुलगा अनवाणी चालत येईल असं आई बोलून बसते आणि मुलगा बिचारा आयटीत नाइट शिफ्ट करणारा. दोन, कर्ज काढून फेडावा लागेल असा नको. दागिना, बकरं, गावजेवण, हे हॉस्पिटलचं बिल भरून झाल्यावर सुचतं का बघा. तीन, मुक्या जनावराचा नको, हे माझं वैयक्तिक मत, भांडायला येऊ नका. पाच वाऱ्या करीन, वर्षभर दर गुरुवारी वॉर्डातल्या दोन नातेवाइकांना डबा देईन, रक्त देईन असे नवस बोललेले मी पाहिलेत, ते फेडताना कुणी कुरकुरत नाही.

प्र. महामृत्युंजयाचा सव्वा लाख जप करून घ्यायचा आहे, ऑनलाइन एका ठिकाणी ५१ हजार सांगतायत. करावा का?

हा मंत्र ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातला आहे. पिकलेली काकडी जशी देठापासून आपोआप सुटते तसं मला मृत्यूपासून सोडव असं त्यात मागितलंय. कितीतरी घरांत मुलं तो पाठ करतात, फुकट. तुम्ही खाटेशेजारी बसून अकरा वेळा म्हटलात तर तो तुमचा. गुरुजींकडून करून घ्यायचा असेल तर ओळखीचे, गावातले, समोर बसून करणारे बघा, त्यांचा वेळ जातो, दक्षिणा द्यायला हरकत काहीच नाही.

पण रात्री दोन वाजता फोनवर, "ग्रह फार कडक आहेत, उद्या सकाळच्या आत पैसे टाका नाहीतर" असं कोणी बोललं की समजून जा. नाहीतर हा शब्द आला की फोन ठेवायचा. देवस्थानाच्या नावाने खोट्या वेबसाइट, खोटे क्यूआर कोड फिरत असतात, अभिषेक-पूजा करायचीच तर संस्थानाच्या स्वतःच्या साइटवरून किंवा खिडकीवर पावती घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपवर अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट बातमी येईल, हे तर पूर्वी पोस्टकार्डवर यायचं तेच, डिलीट करा.

आणि ५१ हजार खर्च करायची तयारी असेल तर आधी हॉस्पिटलमध्ये दोन चौकशा करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे हॉस्पिटल आणि हा आजार बसतो का, त्याचा आरोग्यमित्र तळमजल्यावर टेबल लावून बसलेला असतो. आणि हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं आहे का, कारण तसं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला लागतो. भल्याभल्यांना हे माहीत नसतं आणि काउंटरवर आपणहून कुणी सांगत नाही.

प्र. प्रार्थनेने पेशंट बरा होतो हे सायन्सने सिद्ध झालंय ना? मला एक फॉरवर्ड आलं होतं.

नाही झालेलं. उलट बाजूचा एक मोठा अभ्यास आहे. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी २००६ मध्ये छापला, सहा हॉस्पिटलांतले बायपासचे १८०२ पेशंट, त्यांचे तीन गट केले. एका गटासाठी लांबून अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि या दोघांनाही आपल्यासाठी होतेय की नाही हे माहीत नव्हतं. दोघांत फरक काही नाही, ५२ टक्के आणि ५१ टक्के लोकांना ऑपरेशननंतर त्रास झाला. तिसऱ्या गटाला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे, आणि त्यांच्यात तो आकडा ५९ टक्के निघाला! का ते कुणाला नक्की सांगता आलं नाही, काहींचं म्हणणं असं की माझी तब्येत इतकी वाईट आहे का, असं टेन्शन आलं असावं.

मला याचा धक्का वगैरे बसला नाही. देवाला गट पाडून मोजायला बसवलं तर तो मापात यावा ही अपेक्षाच मला विचित्र वाटते. पण यातून एक शिकण्यासारखं नक्की आहे, पेशंटच्या उशाशी जाऊन रडक्या आवाजात "आम्ही सगळे तुझ्यासाठी देव पाण्यात घालून बसलोय" असं सांगू नका. त्याला क्रिकेटचा स्कोअर सांगा. प्रार्थना बाहेर येऊन करा.

मग करायची कशाला? मला विचाराल तर जो बाहेर बसलाय त्याच्यासाठी. त्याचे हात थरथरायचे थांबतात, तो सहीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाचू शकतो, भावाशी भांडत नाही.

प्र. देवळात जाऊन येऊ का? तुळजापूर पाच तासांवर आहे, पण पेशंटजवळ दुसरं कोणी नाही.

जाऊ नका. कोरोनात २०२० च्या मार्चपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत, म्हणजे नोव्हेंबरापर्यंत, राज्यातली सगळी देवळं बंद होती. त्या वर्षी आषाढीला माऊलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं बरोबर. आमच्या घरात वारी चुकली म्हणून आजोबा दिवसभर बोलले नाहीत, संध्याकाळी अंगणातच टाळ घेऊन उभे राहिले. वारी एका वर्षी घरून झाली तर तुमचं दर्शन पण खुर्चीवरून होईल.

प्र. पाळी चालू आहे / घरात सुतक आहे. नाव घेतलं तर चालेल?

चालेल. नामाला सोवळंओवळं नाही. पुढचा प्रश्न.

प्र. मला देवाचा भयंकर राग आलाय. रागात प्रार्थना करावी का?

करावीच. आपल्या संतांइतकं देवाला कुणी बोललं नसेल. जनाबाई विठ्ठलाला अरे विठ्या म्हणून अशा काही शिव्या घालते की आज कुणी स्टेजवर म्हटलं तर भावना दुखावतील. तुकोबांचं घर दुष्काळात धुऊन निघालं, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, मूल गेलं, धंदा बुडाला, माझ्यापुरता देव मेला असं म्हणणारा अभंग त्यांच्या नावावर आहे, आणि तो अभंग कुणी गाथेतून काढून टाकलेला नाही, मंदिरात ठेवून पूजा करतात त्याच गाथेत तो आहे. भांडण चालू आहे म्हणजे नातं तुटलेलं नाही, असं आमचे बुवा म्हणायचे. घरी जाऊन देव्हाऱ्याचं दार लावून घेतलंत तरी चालेल. फक्त तो राग ड्युटीवरच्या सिस्टरवर काढू नका, तिची ती सलग दुसरी शिफ्ट असते.

प्र. पेशंट बौद्ध आहे / ख्रिश्चन आहे / देव मानत नाही. आम्ही काय करावं?

त्याचं जे आहे ते करा, तुमचं नाही. बौद्ध घरात त्रिशरण-पंचशील, परित्राण पाठ म्हणतात, रतनसुत्त तर वैशालीत दुष्काळ आणि रोगराई आली तेव्हा म्हटलं गेलं अशी परंपरा आहे, तिथे देवाकडे मागणं नसतं, सगळ्यांचं मंगल होवो अशी भावना असते. माहीमच्या चर्चला बुधवारच्या नोव्हेनाला तर सगळ्या धर्मांची माणसं दिसतात. आणि नास्तिक माणूस बेशुद्ध असताना त्याच्या मनगटात गंडा बांधून घेणे हे मला चोरीसारखं वाटतं. तुम्हाला राहवत नसेल तर स्वतःच्या हातात बांधा.

प्र. डोळे मिटले की वाईट तेच दिसतं, जप होतच नाही, झोप नाही, कधीकधी वाटतं आपणच संपून जावं.

जप बाजूला ठेवा आणि आधी हे कुणालातरी मोठ्याने बोलून दाखवा, भावाला, मैत्रिणीला, जो कोण जवळ असेल त्याला. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. आपणच संपून जावं हा विचार आला असेल तर तो फोन आजच, आत्ता लावा, आणि आज रात्री एकटं राहू नका. रात्रभर जागायची पाळी वाटून घ्या, दोन दिवस न झोपलेल्या माणसाला देव काय आणि डॉक्टर काय, कुणाचंच नीट ऐकू येत नाही. हे श्रद्धा कमी पडल्याचं लक्षण नाही.

प्र. सगळं केलं, पारायण, नवस, उपास. तरी माणूस गेलं. माझंच काही चुकलं का? श्रद्धा कमी पडली का?

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, बहुतेक वेळा तेराव्यानंतर, आणि मागे कुणीतरी नातेवाईक बोलून गेलेला असतो, मनापासून केलं असतं तर असं झालं नसतं म्हणून. त्या नातेवाइकाला चोखोबांची गोष्ट सांगा. चोखामेळा, ज्यांचा विठ्ठल त्यांच्याबरोबर गुरं ओढायला येत होता असं आपण कीर्तनात ऐकतो, ते मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करत असताना भिंत अंगावर पडून गेले, साल १३३८. नामदेव महाराज तिथे पोचले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू येत होतं ती चोखोबांची म्हणून ओळखली, अशी कथा आहे, आणि पंढरपूरला महाद्वाराशी समाधी बांधली. नामदेवांच्या पायरीसमोरच आहे, दर्शनाला जाणारा प्रत्येक जण तिथे वाकतो. आता सांगा, चोखोबांची श्रद्धा कमी पडली म्हणायची कुणाची छाती आहे? भिंत पडली म्हणून ते गेले.

तुमचं माणूस सेप्सिसने गेलं, किंवा हार्ट दमलं म्हणून गेलं. तुमच्या पारायणात एक ओवी सुटली म्हणून नाही. आणि नामदेवांनी पण आळंदीला १२९६ मध्ये ज्ञानोबांनी समाधी घेतली तेव्हा काय कमी आकांत केला? साक्षात देव ज्याच्याशी बोलायचा असा माणूस, तरी रडला, त्याचे अभंग आहेत. तेव्हा रडा, आणि देवपूजा महिनाभर जमली नाही तर घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावी किंवा राहू द्यावी.

प्र. ज्याने नवस बोलला होता तीच व्यक्ती गेली. आता तो कुणी फेडायचा? नाहीतर काही होईल का?

काही होत नाही. साधा असेल, म्हणजे साडी-नारळ, एखादा अभिषेक, तर घरच्यांनी सवडीने फेडून टाकावा, गेलेल्या माणसाची इच्छा पूर्ण केल्याचं बरं वाटतं. झेपणारा नसेल तर त्या देवाला जाऊन नारळ ठेवायचा आणि सांगायचं की आईने बोललं होतं, आई राहिली नाही, आम्हाला एवढंच जमतंय, गोड मानून घे. गावाकडे गुरव किंवा पुजारी यासाठी रीतसर गाऱ्हाणं घालून देतात, अगदी नेहमीची गोष्ट आहे त्यांच्यासाठी. कुणी यासाठी हजारांत पैसे मागितले तर नारळ घेऊन स्वतःच उभे राहा आणि स्वतःच सांगा.